शिवेवरचा पक्षी : साधा वटवट्या आणि दाराशी उरलेलं खाजण

(एपिसोडचा लिखित मजकूर. जिथे रेकॉर्डिंग वाजवलं आहे, ती जागा कंसात दाखवली आहे.)

इयरफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा, कारण आज आधी ऐकायचं आहे, मग बोलायचं आहे.

(आवाज : उंच गवत, मागे गाड्यांची घरघर, आणि सलग 'ट्लिक-ट्लिक-ट्लिक-ट्लिक')

काय वाटलं? हा आवाज मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा तीन उत्तरं आली. एक म्हणाला रातकिडा. दुसरा म्हणाला, कुणीतरी पेनाचं बटण दाबतंय. तिसरी म्हणाली, "तुझा पंखा खराब झालाय, वायरमन बोलाव." तिघंही चुकले. हा पक्षी आहे. वजन दहा ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनच्या वजनात असे वीस तरी बसतील. मराठीत याला 'साधा वटवट्या' म्हणतात. इंग्रजीत प्लेन प्रिनिया आणि शास्त्रीय नाव प्रिनिया इनॉर्नाटा. इनॉर्नाटा म्हणजे ज्याच्या अंगावर कसलीच सजावट नाही असा.

हे नाव ठेवणारा माणूस आपल्याच भागात फिरत होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होता आणि दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. ते करता करता त्याने पक्षीही टिपले, आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्या यादीत हा साधा वटवट्या आहे आणि त्याचा भाऊबंद राखी वटवट्याही आहे. म्हणजे जगाच्या पुस्तकात या पक्ष्याची पहिली नोंद महाराष्ट्रातून झाली. आपल्याला मात्र तो दिसला तरी आपण म्हणतो, "अरे, चिमणी आहे."

चिमणी नाही हो. बघायचं कसं ते सांगतो. वरून मातकट, खालून पिवळट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई, आणि शेपूट अंगाच्या मानाने लांब, सारखी वरखाली हलणारी. हिवाळ्यात ही शेपूट आणखी लांब होते आणि रंग जरा तांबूस तपकिरी. पावसाळ्याच्या सुमाराला पिसं बदलतात, शेपूट आखूड होते, रंग करडा होतो. उडणं बघाल तर कीव येईल. गवताच्या एका काडीवरून उठायचं, हेलकावे खात दहा-पंधरा फुटांवर जायचं आणि परत गवतात पडायचं. हा कुठे सायबेरियाला जात नाही की कच्छला. जिथे जन्मला त्याच्याच आसपास बाराही महिने राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी राहतो तो भाग. शीव कोळीवाडा. हार्बर लाइनवरच्या आमच्या स्टेशनचं नाव आज गुरु तेग बहादूर नगर आहे, पण जुनी माणसं अजून "कोळीवाडा उतरायचंय" असंच म्हणतात. आणि 'शीव' म्हणजे काय? गावाची हद्द. मुंबई बेट इथे संपत होतं, पलीकडे साष्टी सुरू होत होती, मधे खाडी आणि चिखल. म्हणून तर इंग्रजांनी इथल्या टेकडीवर १६६९ ते १६७७ या काळात किल्ला बांधला. पलीकडे कोण येतंय जातंय त्यावर नजर ठेवायला.

ती हद्द आता दिसत नाही. भराव पडला, रस्ते आले, रेल्वे आली. पण नकाशा उघडा आणि झूम करा. आमच्या पश्चिमेला मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते. पूर्वेला वडाळ्याची मिठागरं, भक्ती पार्कच्या कडेची कांदळवनं आणि पुढे शिवडीचा चिखल. दोन्ही बाजूंनी पाणी, मधे आपण. जमीन संपते आणि पाणी सुरू होतं तो जो पट्टा, त्याला आपल्याकडे खाजण म्हणतात. वटवट्या बरोबर त्या पट्ट्यात राहतो. नाव शीव, आणि पक्षीही शिवेवरचाच.

हा पट्टा म्हणजे एकच जंगल नाही. समुद्राकडून जमिनीकडे चालत आलात, अर्थात मनातल्या मनात, तर थर लागतात. सगळ्यात पुढे उघडा चिखल, जो ओहोटीला दिसतो आणि भरतीला बुडतो. फ्लेमिंगो तिथे चरतात. त्यामागे तिवरांची दाटी. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं पाहिली असतील, ती तिवराची. त्यामागे काटेरी पानांची मारांडी, निळ्या-जांभळ्या फुलांची. आणि त्याच्याही मागे, जिथे भरतीचं पाणी फक्त अमावास्या-पौर्णिमेला पोचतं किंवा पावसाचं गोडं पाणी साचतं, तिथे उंच गवत, लव्हाळा, पाणकणीस. साधा वटवट्या मारांडीपासून या गवतापर्यंतच्या पट्ट्यात वावरतो. त्यानंतर थेट रस्ता, कुंपण आणि आपली बिल्डिंग.

घरटंही त्याच गवतात. पावसाळा लागला की गवताच्या पात्यांचे बारीक दोरे चोचीने काढायचे आणि उभ्या काड्यांना बांधत बांधत खिशासारखी खोल पिशवी विणायची. साधारण गुडघ्याच्या ते कमरेच्या उंचीवर. त्यात फिकट निळसर अंडी, वर काळपट ठिपके आणि केसांसारख्या बारीक रेघा. किडे, अळ्या, कोळी हे त्याचं खाणं, आणि पावसात पिल्लांना भरवायला ते तिथेच मिळतं. एक छोटी कोकिळा याच्या घरट्यात आपलं अंडं टाकून जाते, आणि हा बिचारा आपल्यापेक्षा मोठं पोर वाढवत बसतो. एवढ्याशा गवतात केवढं राजकारण चालतं बघा.

(आवाज : 'टी-टी-टी-टी' आणि मधेच ठिणगी उडाल्यासारखं 'कट्-कट्')

हा दुसरा आवाज राखी वटवट्याचा. हा घाबरून उडाला की ठिणगी उडाल्यासारखं कटकट वाजतं. ते पंखांचं की चोचीचं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. राखी हुशार गडी आहे. सोसायटीच्या बागेत, कुंडीतल्या झाडात, कुठेही जमवून घेतो. दोन-तीन रुंद पानं शिवून घरटं करतो आणि त्यात विटकरी लाल, चकचकीत अंडी घालतो. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा मोठा अहवाल आला. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून ९४२ प्रजातींची स्थिती तपासली होती. त्यात वाढणाऱ्या पक्ष्यांमध्ये पारवे आहेत, कोकीळ आहे, मोर आहे आणि हा राखी वटवट्याही आहे. शहराशी ज्याचं जमलं तो वाढला.

साधा वटवट्या तितका जमवून घेणारा नाही. त्याला उंच गवत लागतं, आणि ओल असेल तर उत्तम. तो देशभर आहे, शेतांच्या बांधावरही दिसतो, जगाच्या धोक्याच्या यादीत त्याचं नाव नाही. मी उगाच तुम्हाला घाबरवणार नाही. प्रजात संपत नाहीये. पण ती प्रजात तुमच्या पिनकोडमध्ये राहील की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि आजचा एपिसोड त्याबद्दलच आहे.

कसं ते सांगतो. मुंबईत पाणथळ म्हटलं की फ्लेमिंगो. गुलाबी, उंच, रील एकदम भारी येते. आणि त्यांच्यामुळे कामही झालं, ते नाकारू नये. २०१२ साली राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. त्याच्या आधी २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली होती आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण आहे.

म्हणजे चिखलाला फ्लेमिंगो भेटला, तिवराला कोर्ट भेटलं. राहिलं काय? मागचं गवत. ५० मीटरच्या आत असेल तर कागदावर तरी सुरक्षित. बाहेर असेल तर त्याला नावच नाही. नकाशावर तो नुसता रिकामा तुकडा दिसतो. आणि मुंबईत रिकामं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं.

ते गवत जातं कसं? एका रात्रीत बुलडोझर येतो असं दर वेळी नसतं. आधी कुणीतरी एक ट्रक राडारोडा टाकतो. मग दुसरा. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजते. गवत वाळतं. उन्हाळ्यात त्याला आग लागते किंवा लावली जाते. दोन वर्षांनी तिथे क्रिकेटचं मैदान किंवा पार्किंग होतं, आणि लोक मनापासून म्हणतात, इथे तर काहीच नव्हतं.

दुसरी पद्धत जास्त गोड आहे : वृक्षारोपण. दचकू नका. झाडं लावणं चांगलंच. पण पाणथळीच्या गवतावर खड्डे खणून, माती टाकून रोपं लावली, तर आपण एक जागा वाचवत नाही, एका जागेच्या बदल्यात दुसरी करतो. बुलबुल येतील, शिंपी येईल, राखी वटवट्याही येईल. साधा वटवट्या जाईल. फोटोत मात्र सगळं हिरवंच दिसेल.

आमच्याजवळचंच उदाहरण बघू. शीव आणि धारावीच्या मधे, मिठीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर. तिथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा, अक्षरशः डम्पिंग ग्राउंड. १९८३ साली सलीम अलींच्या हस्ते तिथे झाडं लावायला सुरुवात झाली, १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज आत गेलात तर वर आभाळ दिसत नाही इतकी झाडी आहे. कचऱ्याच्या जागी जंगल उभं राहतं हे त्या उद्यानाने दाखवून दिलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तिथे झाडं लावणं बरोबर होतं, कारण खाली कचरा होता. जिथे आधीच जिवंत खाजण आहे, तिथे तोच उपाय लागू होत नाही. तिथलं काम सोपं आणि कंटाळवाणं आहे : राडारोडा पडू द्यायचा नाही, पाण्याची वाट मोकळी ठेवायची, आणि गवत कापायचंच असेल तर पावसाळ्यात घरटी असताना कापायचं नाही.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. धारावीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हे सगळं सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, तुझ्या चिमणीला घर पाहिजे, मान्य. माझ्या आईला नको काय?"

याला माझ्याकडे चटकदार उत्तर नव्हतं, आणि असूही नये. शंभर-दीडशे चौरस फुटांत सहा माणसं राहतात, तिथे गवताची गोष्ट सांगणं सोपं नाही. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी कांजूर, भांडूप आणि मुलुंडकडची मिठागरांची २५५.९ एकर जमीन घ्यायला मंजुरी दिली. सरकारचं म्हणणं असं की ही जमीन द्रुतगती महामार्गाच्या पश्चिमेला आहे, भरतीचं पाणी तिथे येत नाही, मीठ पिकवणंही बंद झालंय.

मी त्यावर एवढंच म्हणतो : समुद्राचं पाणी येत नसेल, पावसाचं येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दर पावसाळ्यात शीव स्टेशनच्या रुळांवर पाणी कसं चढतं ते आम्ही बघतो. सखल, मोकळी, मातीची जमीन ते पाणी काही तास धरून ठेवते. तिथे काँक्रीट झालं तर ते पाणी कुणाच्या घरात शिरणार? ज्यांना धारावीतून उचलून तिथे नेणार, कदाचित त्यांच्याच. म्हणून मित्राला मी म्हटलं, "तुझ्या आईला घर हवंच, पण कोरडं घर हवं." तो हसला, म्हणाला, "हे मान्य. पण मग कुठे, ते पण सांग." वाद तिथेच थांबला. मिटला नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मला पटली आहे : पक्षी विरुद्ध माणूस अशी मांडणी केली की दोघंही हरतात. पाण्याला जागा ठेवली, तर वटवट्या त्यात आपोआप बसतो. त्याला वेगळा फ्लॅट लागत नाही.

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. पेरू देशाची राजधानी लिमा, साधारण एक कोटी लोकांचं शहर, आजूबाजूला वाळवंट. त्या शहराच्या हद्दीत 'पान्तानोस दे विया' नावाची दलदल आहे, सुमारे २६३ हेक्टर. १९९७ साली ती रामसर यादीत गेली. तिथे तोतोरा नावाचं उंच पाणगवत वाढतं. तितिकाका तलावावरचे लोक ज्याच्या होड्या बांधतात, तेच. त्या तोतोरात दोन चिमुकले पक्षी राहतात. एकाला म्हणतात 'सिएते कोलोरेस', म्हणजे सात रंगवाला. निळा, पिवळा, हिरवा, लाल, सगळं एकाच इवल्या अंगावर. त्याचं घरटं एकाच काडीला चिकटवलेल्या शंकूसारखं असतं. दुसरा तपकिरी, साधा, आपल्या वटवट्यासारखाच, आणि आवाज दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा टिक-टिक. त्याला तिथे 'तोतोरेरो' म्हणतात, म्हणजे तोतोरावाला. गवताच्याच नावाने ओळखला जाणारा पक्षी! गवत गेलं तर त्याचं नावसुद्धा खोटं ठरेल.

तिथेही रस्ते आहेत, घरं आहेत, भराव आहे. पण त्या दलदलीला नाव आहे आणि हद्द आहे. आपल्या गवताला अजून तेवढंही नाही. इथे तुमचा-माझा फोन कामाला येतो.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर थोडं तांत्रिक बोलू द्या. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं 'मर्लिन' नावाचं मोफत ॲप आहे. ते आवाज ऐकतं म्हणजे काय करतं? आवाजाचं चित्र काढतं. आडवी बाजू वेळ, उभी बाजू आवाजाची पट्टी. मग ते चित्र आधी शिकलेल्या हजारो चित्रांशी ताडून पाहतं. चेहरा ओळखून फोन अनलॉक होतो ना, त्याच जातीचं काम. ट्रॅफिकची घरघर त्या चित्रात खाली राहते आणि वटवट्याची टिकटिक वर, त्यामुळे हायवेच्या बाजूलाही तो सापडतो. पण ॲपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नाव आलं की पक्षी डोळ्यांनी बघा, मगच खरं माना.

दुसरं ॲप 'ई-बर्ड'. तिथे यादी टाकायची : कुठे, कधी, किती वेळ, काय काय दिसलं. महत्त्वाचं म्हणजे साधे पक्षीही लिहायचे. कावळा, चिमणी, वटवट्या, सगळे. लोक दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावतात आणि रोजचा पक्षी लिहीत नाहीत. मग तो कमी झाला तरी आकड्यात दिसत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगच ठेवला नाही, तर सिस्टिम कधी बंद पडली ते कळणार कसं? वीस मिनिटं, महिन्यातून दोनदा, एकच ठिकाण. वर्षभरात त्या 'रिकाम्या' तुकड्याचा पुरावा तयार होतो. उद्या कुणी म्हणालं इथे काहीच नव्हतं, तर तुमच्याकडे तारखा असतील.

दोन पथ्यं पाळा. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. घरटं करायच्या दिवसांत तर अजिबात नाही. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. आणि घरट्याचा फोटो लोकेशनसकट टाकू नका. चिखलात उतरायचीही गरज नाही. रस्त्याच्या कडेला, पुलाच्या कठड्यापाशी, सकाळी साडेसहा-सातला उभं राहा. भक्ती पार्कची कड असो, मिठीचा काठ असो, भांडूप पंपिंगचा रस्ता असो. गवताच्या सगळ्यात उंच काडीवर नजर ठेवा. गाणारा नर तिथेच येऊन बसतो.

या आठवड्याचं काम एवढंच. तुमच्या घरापासून चालत जाता येईल असा गवताचा एक ओला तुकडा शोधा. डोंबिवली, विरार, उरण, अलिबाग, कुठेही चालेल. तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि जागेचं नाव लिहून आम्हाला पाठवा. जागेला लोक काय म्हणतात ते जरूर विचारा. खाजण, खार, दलदल, काहीतरी जुनं नाव नक्की निघेल. आलेले आवाज पुढच्या भागात वाजवू. भेटू पुढच्या रविवारी!

(आवाज : 'ट्लिक-ट्लिक-ट्लिक', मग भरतीचं पाणी)